जुनी रिफ्रॅक्टर दुर्बीण हातात आल्यावर: भिंगाला दोष देण्याआधी काय काय तपासावं

दुसऱ्याने वापरलेल्या रिफ्रॅक्टरबद्दल, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीबद्दल, पहिल्या रात्री बनलेलं मत सहसा चुकतं. चंद्रावर रोखली की जवळपास कुठलीही दुर्बीण झकास वाटते, म्हणून काही जण लगेच खूश होतात. काही जण थेट एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळतात. तारा काटेरी आणि जांभळट दिसतो, मग 'भिंग गेलेलं दिसतंय' म्हणून दुर्बीण पुन्हा खोक्यात जाते. दोन्ही निकाल घाईचे. ताऱ्याचा प्रकाश हवेचे थर, मुख्य भिंग, डायगोनल (प्रकाश वळवणारा आरसा किंवा प्रिझम) आणि आयपीस (डोळ्याजवळचं छोटं भिंग) पार करून डोळ्यात उतरतो, आणि आपला डोळाही काही निर्दोष नसतो. शिवाय हे सगळं ज्याच्यावर उभं असतं तो माउंट आहेच. या सगळ्यांत आपणहून क्वचितच बिघडणारी गोष्ट म्हणजे मुख्य भिंग, पण आळ मात्र पहिला त्याच्यावरच येतो. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवायचा की एकेक भाग बाजूला काढता यावा आणि भिंगाची पाळी शेवटी यावी.

## सगळ्यात आधी सूर्याचा फिल्टर शोधा

जुन्या छोट्या दुर्बिणींबरोबर बऱ्याचदा आयपीसच्या तळाला आट्यांवर बसणारी काळपट किंवा गडद हिरवी काच येते आणि तिच्या कड्यावर 'सन' असं कोरलेलं असतं. ती वापरायची नाही. ठेवायचीही नाही, कारण पुढेमागे घरातलं एखादं मूल ती बसवून पाहील. मुख्य भिंगाने गोळा केलेली सूर्याची सगळी उष्णता नेमकी या काचेजवळ एकवटते, काच तापून अचानक तडकते आणि त्या क्षणी डोळा आयपीसला लागलेला असतो. डोळ्याची इजा कायमची असू शकते. काच फोडून कचऱ्यात टाका. सूर्य पाहायचा असेल तर नळीच्या तोंडावर, मुख्य भिंगाच्या पुढे घट्ट बसणारा खास सौर फिल्टरच हवा, आणि तेव्हा फाइंडरवरही, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवरही, टोपण हवं.

बाकी तपासणी सावकाश केली तरी चालते.

## नळीवरचे आकडे

फोकसरजवळच्या (फोकस जुळवणाऱ्या भागाजवळच्या) पट्टीवर किंवा भिंगाभोवतीच्या कड्यावर 'डी = ६० मिमी, एफ = ९०० मिमी' अशी नोंद असते. पहिला आकडा भिंगाचा व्यास, दुसरा नाभीय अंतर. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की फोकल गुणोत्तर मिळतं, इथे एफ/१५. या दुर्बिणीकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्या गुणोत्तरावरून बरंचसं कळतं.

नळीवर ईडी, ॲपो किंवा फ्लोराइट (रंगदोष कमी करणाऱ्या भिंगांच्या खुणा) असं काही लिहिलेलं नसेल तर भिंग साधं ॲक्रोमॅट आहे असं धरा. म्हणजे क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांची जोडी, जी १७५८ मध्ये जॉन डॉलंड यांनी पेटंट केली. ही जोडी दोन रंगांना एकाच ठिकाणी आणते. उरलेले रंग, विशेषतः जांभळा, थोडे मागेपुढे पडतात आणि ठळक वस्तूभोवती झालर दिसते. ही झालर किती दिसेल याचा एक सोपा अंदाज आहे. फोकल गुणोत्तराला भिंगाच्या इंचांतल्या व्यासाने भागा. उत्तर ३ च्या वर असेल तर झालर सहज खपते, ५ च्या वर असेल तर शोधावी लागते. ६० मिमी एफ/१५ चं उत्तर ६ च्या वर जातं. ८० मिमी व्यास आणि ९०० मिमी नाभीय अंतर असेल तर साधारण साडेतीन. आखूड, जाडसर ८० मिमी एफ/५ चं मात्र जेमतेम दीड. या शेवटच्या दुर्बिणीतून गुरूभोवती जांभळं वलय दिसलं तर तो बिघाड नाही, तिची घडणच तशी आहे. ती कमी पटीला (कमी मोठं करून) रुंद आकाश दाखवण्यासाठी असते. कृत्तिका तिच्यातून पाहा, ग्रहांसाठी तिला वेठीला धरू नका.

खोक्यावर '६७५ पट' छापलेलं असेल तर गालात हसून सोडून द्या. ९०० मिमीच्या नळीला ४ मिमीचा आयपीस लावला की २२५ पट, त्यावर ३ पटींची बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावली की ६७५. गणित बरोबर आहे, चित्र मात्र काळपट चिखल. चांगल्या हवेत भिंगाच्या दर मिलिमीटरला २ पट ही व्यवहारातली मर्यादा. ६० मिमीला १२०, ८० मिमीला १६०.

## टॉर्च घेऊन भिंगाकडे

अंधाऱ्या खोलीत भिंगावर टॉर्च तिरका मारा. एक इशारा आधीच देतो: अशा प्रकाशात जगातलं उत्तमातलं भिंगही भयानक दिसतं. धुळीचा कण न् कण चमकतो. धुळीने चित्राला जवळजवळ काही होत नाही, एकदोन बारीक चरांनीही नाही.

खरं पाहायचं ते वेगळं. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे असतील तर ती बुरशी. ती फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर आणि नवी असेल तर निघते. दोन काचांच्या मधल्या फटीत असेल तर भिंग उघडावं लागतं, आणि जुन्या बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ केल्यावरही डाग राहतात. सगळीकडे सारखा दुधी पापुद्रा दिसत असेल तर तो चिकट धुरकटपणा. तो धुळीपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण प्रकाश विखुरतो आणि काळं आकाश करडं होतं. भिंगाच्या कडेला एकमेकांपासून १२० अंशांवर तीन बारीक चौकोनी तुकडे दिसले तर घाबरू नका. दोन काचांमधलं अंतर राखणाऱ्या त्या पातळ पट्ट्या आहेत, त्या तिथे असायलाच हव्यात.

आता भिंग धरून ठेवणारं कडं नीट बघा. त्याच्या खाचांवर ओरखडे असतील, रंग उडालेला असेल, तर आधीच्या मालकाने भिंग उघडलेलं आहे. याची मनात नोंद ठेवा. उलट्या क्रमाने किंवा उलट्या तोंडाने बसवलेली काच हा जुन्या दुर्बिणींमधला खरोखर आढळणारा प्रकार आहे, आणि तो ताऱ्यावरच पकडता येतो.

आणखी एक चाचणी फारसं कोणी करत नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. दिवसा दूरच्या वस्तूवर फोकस करा आणि फोकसर तसाच ठेवा. मग अंधाऱ्या खोलीत, सर्वांत कमी पटीच्या आयपीसमागे थोड्या अंतरावर टॉर्च धरून मुख्य भिंगासमोर पांढरा कागद धरा. कागदावर उजेडाचं वर्तुळ पडेल. त्याचा व्यास मोजा. ही दुर्बिणीची खरी तोंडाची रुंदी. काही स्वस्त दुर्बिणींत भिंगाच्या मागे भोक पाडलेली चकती बसवलेली असते, म्हणजे सुमार भिंगाच्या कडा झाकल्या जाव्यात. ६० मिमी लिहिलेल्या नळीतून ४० मिमीचंच वर्तुळ आलं, तर तुमच्याकडे ४० मिमीची दुर्बीण आहे. विकत घेण्याआधी ही चाचणी करता आली तर सौदा करतानाच उपयोगी पडेल.

## फोकसर आणि जोडसामान

फोकसरची सरकती नळी अर्धी बाहेर काढून बोटांनी हळूच वरखाली हलवा. खडखड असेल तर फोकस करताना तारा उड्या मारणार. बहुतेक फोकसरांत खालच्या बाजूला दोन-चार छोटे स्क्रू असतात, ते पाव पाव वळसा आवळून हे जातं. गुंडी जड फिरत असेल तर जुनं वंगण गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. सरकती नळी बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसा आणि नवं लिथियम वंगण अगदी पातळ लावा. हे काम निर्धास्त करा, यात भिंगाशी काहीच संबंध येत नाही.

आयपीस बसतो त्या भोकाचा व्यास मोजा. ३१.७ मिमी असेल, म्हणजे सव्वा इंची, तर आजचा कुठलाही साधा आयपीस बसेल. २४.५ मिमी असेल तर ते जुनं ०.९६५ इंची माप. या मापाचे चांगले आयपीस आता कमी मिळतात, त्यामुळे सव्वा इंचीसाठी अडॅप्टर किंवा जोड-डायगोनल घेणं शहाणपणाचं.

जुन्या आयपीसवरची अक्षरं वाचायला शिका. 'एच' किंवा 'एचएम' म्हणजे हायगेन्स जातीचा, 'एसआर' म्हणजे रॅम्सडेन, 'के' म्हणजे केल्नर, 'ओआर' म्हणजे ऑर्थोस्कोपिक. 'ओआर' मिळाला तर जपून ठेवा. 'एच २०' लांब नळीवर ठीक चालतो. 'एसआर ४' मात्र पापणी काचेला टेकवूनही नीट दिसत नाही. त्याच्यावरून दुर्बिणीची पारख करणं म्हणजे कुलूपाच्या भोकातून घर पाहण्यासारखं आहे. तपासणीसाठी २५ मिमीच्या आसपासचा आणि १० मिमीच्या आसपासचा असे दोन साधे प्लॉसल आयपीस कोणाकडून तरी मागून आणा.

डायगोनलवर माझा सगळ्यात जास्त संशय असतो. प्लॅस्टिकच्या डब्यातला सैल आरसा किंवा तिरका बसलेला प्रिझम चांगल्या भिंगाचं चित्र मातीमोल करतो. ४५ अंशांचा, चित्र सुलट दाखवणारा डायगोनल असेल तर ठळक ताऱ्यातून आरपार एक चमकती रेघ दिसते. ती प्रिझमच्या मधल्या धारेमुळे येते, ती जाणार नाही. असा डायगोनल पक्षी बघायला ठेवा, आकाशासाठी ९० अंशांचा घ्या.

बरोबर आलेला ५×२४ फाइंडर बहुधा निरुपयोगी असतो. लाल ठिपक्याचा फाइंडर लावला की निम्मी चिडचिड संपते.

## माउंटची थाप-परीक्षा

१०० च्या आसपास पट ठेवून एखादा तारा मधोमध आणा आणि नळीवर हलकी टिचकी मारा. कंप दोन सेकंदांच्या आत थांबला तर माउंट उत्तम. तीन-चार सेकंद चालवून घेता येतात. त्यापुढे गेलं की फोकस करणंच अशक्य होतं, कारण गुंडीला हात लावला की तारा नाचतो, आणि नाचणाऱ्या ताऱ्यावर फोकस बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? 'धुरकट दिसतं' या तक्रारींमागे कित्येकदा हेच असतं.

उपाय साधे आहेत. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका, बसून पाहा. सगळे नट आवळा. मधल्या पट्टीला वजन टांगा. लाकडी पाय मिळाले असतील तर ते बदलू नका, लाकूड कंप चांगला शोषतं. विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या सरकण्याबरोबर फिरवता येणारा) असेल तर मंदगतीच्या गुंड्या उलटसुलट फिरवून मधे किती रिकामी चाल आहे ते बघा, आणि वजन नीट तोललेलं आहे ना तेही. नळीच्या कड्यांना नेहमीचा डव्हटेल बार (माउंटमध्ये अडकणारी पट्टी) लावता येत असेल तर माउंटच बदलणं सोपं जातं. माझं स्पष्ट मत असं की मध्यम भिंग भक्कम माउंटवर असलेलं बरं, उत्तम भिंग डळमळत्या माउंटवर नको.

## रात्रीची खरी परीक्षा

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. घरातली उबदार हवा नळीतून निघून भिंग बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत कुठलाच निकाल देऊ नका. उघड्या खिडकीतून किंवा दिवसभर तापलेल्या छपरावरून पाहणंही बादच.

तारा निवडताना तो आकाशात उंच असावा. क्षितिजाजवळचा तारा वातावरणामुळेच वरखाली लाल-निळा फाटतो. ध्रुव दिसत असेल तर त्याच्यासारखा सोयीचा तारा नाही, कारण तो जागचा हलत नाही. इतर तारे १०० पटीला दोन-चार मिनिटांत दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतात. तेजही बेताचं, डोळे दिपत नाहीत. वर त्याचा नवव्या प्रतीचा, म्हणजे बराच अंधूक, जोडीदार १८ विकलांवर आहे, तो दिसला तर दुधात साखर. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

आधी कमी पटीला फोकस करा. चांगल्या दुर्बिणीत फोकस खटकन लागतो, गुंडी किंचित फिरवली तरी कळतं की हा नेमका बिंदू. 'इथेही तसंच, तिथेही तसंच' असं वाटत राहिलं तर काहीतरी बिनसलेलं आहे. मग भिंगाच्या मिलिमीटरइतकी किंवा थोडी जास्त पट करा. हवा स्थिर असेल तर ताऱ्याच्या जागी एक इवलीशी गोल चकती आणि तिच्याभोवती एक-दोन पुसट कडी दिसतील. प्रकाशाच्या लहरींमुळे ती दिसतातच, ती असणं हे चांगलं लक्षण.

आता फोकस किंचित आत नेऊन चार-पाच कडी दिसेपर्यंत तारा फुलवा. मग तितकाच बाहेर. दोन्ही बाजूंची चित्रं साधारण सारखी असावीत. ॲक्रोमॅटमध्ये आत आणि बाहेर कडेचा रंग वेगळा येतो, तो सोडून द्या, फक्त आकार पाहा. हिरवा फिल्टर असेल तर लावा, आकार स्पष्ट होतो.

कडी एका बाजूला सरकलेली, धूमकेतूसारखी शेपूट निघालेली असेल तर भिंग किंवा फोकसर तिरका बसला आहे. काही दुर्बिणींत भिंगाच्या कोंदणाला ढकलण्या-ओढण्याच्या स्क्रूंच्या तीन जोड्या असतात, त्यांनी ते सरळ करता येतं. फोकसच्या एका बाजूला कडी ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूला नुसता गोळा असेल तर भिंगाच्या घडणीतच उणीव आहे, किंवा कोणीतरी काच उलटी बसवली आहे. मघाशी खाचांवर ओरखडे दिसले होते का, ते आठवा. तारा त्रिकोणी दिसत असेल तर भिंग धरून ठेवणारं कडं फार आवळलेलं आहे, आणि ही सर्वांत सहज दुरुस्त होणारी तक्रार.

तारा लांबट दिसला, आत आडवा आणि बाहेर उभा, तर खरी चौकशी सुरू होते. डोकं तिरकं करा. लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर दोष तुमच्या डोळ्याचा, चष्मा लावून पाहा. आयपीस त्याच्या जागी गोल फिरवा. त्याच्याबरोबर फिरला तर आयपीस दोषी. मग डायगोनल काढून सरळ मागून पाहा. डायगोनलने व्यापलेली प्रकाशाची वाट कमी झाल्यामुळे फोकसर बराच बाहेर काढावा लागेल, न पुरल्यास जोडनळी लावावी लागेल. एवढा खटाटोप कराच, कारण बहुतेक 'बिघडलेली भिंगं' नेमकी इथेच दुरुस्त होतात. तरीही तारा लांबटच राहिला तर मुख्य नळी कड्यांमध्ये थोडी फिरवा. लांबटपणा नळीबरोबर फिरला, तरच भिंगावर बोट ठेवायचं.

आणि सगळी कडी उकळत्या पाण्यासारखी हलत असतील तर दुर्बिणीचा काहीच दोष नाही. हवा वाईट आहे, झोपा. एका रात्रीवरून निकाल देऊ नये तो याचसाठी.

## मग काय पाहावं

जोडतारे ही सगळ्यात प्रामाणिक कसोटी. ११६ ला भिंगाच्या मिलिमीटरने भागलं की ते भिंग किती जवळचे सारख्या तेजाचे तारे वेगळे करू शकेल ते विकलांत मिळतं: ६० मिमीला १.९, ८० मिमीला १.४५. वसिष्ठाची स्वतःची जोडी १४ विकलांची, ती कुठल्याही दुर्बिणीत फुटायलाच हवी. अरुंधती वेगळी, ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते. पुनर्वसूतला कॅस्टर साधारण साडेपाच विकलांचा, ६० मिमीला १०० पटीत सुंदर दिसतो. अभिजितजवळच्या एप्सिलॉन लायरीत दोन जोड्या आहेत, प्रत्येकी सुमारे २.३ विकलांच्या. ८० मिमीने स्थिर हवेत त्या चारही सुट्या दाखवल्या तर भिंगाबद्दल पुन्हा शंका घेऊ नका.

चंद्र पौर्णिमेला नको, अष्टमीच्या आसपास पाहा, उजेड-अंधाराच्या सीमेवर. गुरूचे दोन मुख्य पट्टे ६० मिमीतून दिसावेत. शनीबाबत थोडा धीर धरा. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी काठावरून दिसत होती. त्यानंतरची काही वर्षं ती अरुंदच दिसतील, त्याला दुर्बीण काय करणार?

## हात कुठे लावावा, कुठे नाही

भिंग साफ करायचं ते फारच गरज असेल तर. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश. तेवढ्याने भागलं नाही तरच शुद्ध पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलावलेला कापूस, स्वतःच्या वजनाने, न दाबता, मधून कडेकडे एकदाच फिरवायचा. तो कापूस टाकून नवा घ्यायचा. द्रव थेट काचेवर ओतला तर दोन काचांच्या फटीत शिरतो. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्याला दुर्बीण हाताळायला देऊ नका, तो कोणीही असो.

त्रिकोणी ताऱ्यासाठी कडं अष्टमांश वळसा सैल करा आणि पुन्हा ताऱ्यावर पाहा. नळी हळूच हलवल्यावर भिंगाचा अगदी पुसटसा टक आवाज यावा, इतपत सैल पुरे.

मधल्या बुरशीसाठी किंवा उलट्या काचेसाठी भिंग उघडणं अटळ असेल, तर काचा वेगळ्या करण्याआधी दोन्हींच्या कडांवर मिळून पेन्सिलीने एक 'व्ही' काढा. त्याचं टोक आकाशाकडे. त्यावरून पुन्हा बसवताना दोन्ही काचांचं तोंड आणि एकमेकींशी असलेला कोन, दोन्ही कळतात. त्या तीन पट्ट्याही होत्या तिथेच परत. काच उलटी असल्याचाच संशय असेल तर आधीची स्थिती फोटोत टिपून ठेवा आणि एका वेळी एकच बदल करून ताऱ्यावर तपासा. सहसा क्राउनची, दोन्ही बाजूंनी फुगीर काच पुढे असते.

रात्री काम संपल्यावर दवाने भिजलेल्या भिंगावर लगेच टोपण लावू नका. नळी घरात आडवी ठेवून ओल उडून जाऊ द्या, मग टोपण लावा आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत वापरता येतात.